संध्याकाळी पोरं कुठे असतात?

दरवर्षी २६ जूनला महाराष्ट्रातल्या शाळा दोन कार्यक्रम एकाच परिपाठात उरकतात. राजर्षी शाहू महाराजांची जयंती आणि जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. आधी प्रतिमेला हार, मग उजवा हात पुढे करून व्यसनमुक्तीची शपथ. आठवी-नववीची पोरं एका सुरात ती म्हणतात, फोटो निघतो, तो वरिष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि पुढच्या तासाला गणित सुरू होतं. शपथ देणाऱ्या एखाद्या गुरुजींच्या गालात मावा असतो. तो पोरांना दिसतो. गुरुजींना वाटतं, दिसत नाही.

अलीकडे या शपथेला अध्यात्माची जोड मिळाली आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने १५ ऑगस्ट २०२० रोजी नशामुक्त भारत अभियान सुरू केलं, ते २७२ जिल्ह्यांत. पुढे याच अभियानासाठी ब्रह्माकुमारी, आर्ट ऑफ लिव्हिंग, इस्कॉन, गायत्री परिवार, संत निरंकारी मिशन अशा संस्थांशी करार झाले. कल्पना वाईट नाही. आपल्याकडे दारू सुटलेल्या माणसाबद्दल बोलताना गावकरी औषधाचं नाव क्वचित घेतात. त्याने माळ घातली, असं सांगतात. पण चाळिशीतल्या बेवड्याने माळ घालणं आणि पंधरा वर्षांच्या पोराला बाटलीपासून लांब ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांची गल्लत झाली की पहिल्याचा अनुभव दुसऱ्यावर चिकटवला जातो आणि सभागृहात प्रवचन लागतं.

अध्यात्म पोरांना व्यसनापासून वाचवू शकतं, असं मला वाटतं. मात्र जिथे जिथे त्याने वाचवलेलं दिसतं, तिथे त्याने पोराला संध्याकाळी जायला एक जागा दिलेली असते, हाताला काही काम दिलेलं असतं आणि नावाने हाक मारणारी चार मोठी माणसं दिलेली असतात. एवढं असेल तर देवाचं नाव कोणतं आहे याने फरक पडत नाही. एवढं नसेल तर देवाचं नाव घेऊनही फारसं काही होत नाही.

आधी पोरं घेतात काय ते पाहू. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात दारू पिणारे साधारण १६ कोटी, त्यांतले ५ कोटी ७० लाखांच्या आसपास पिण्याच्या पायी मदतीची गरज असलेले. हे आकडे वर्तमानपत्रांत आले. त्याच अहवालातला दुसरा आकडा मात्र फार कुणाच्या तोंडी नाही. हुंगायच्या नशेत, म्हणजे व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन यांत, मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे: १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. बाकी सगळ्या नशांत मोठी माणसं पुढे आहेत, एवढ्या एका नशेत पोरं. सुमारे ४ लाख ६० हजार मुलांना या नशेसाठी मदतीची गरज आहे, असा अहवालाचा अंदाज होता. आता कोणत्याही पंथाची निषिद्ध गोष्टींची यादी काढून बघा. मद्य असतं, मांस असतं, परस्त्री असते. सायकलच्या दुकानातली दहा-वीस रुपयांची ट्यूब कुठेच नसते. खोकल्याचं औषध नसतं, झोपेची गोळी नसते. दारूचा वास येतो आणि घरी गेल्यावर कानाखाली बसते. गोळीचा वास येत नाही. मालेगावात 'कुत्ता गोळी' या नावाने गुंगीच्या गोळ्यांचं जे चाललं त्याच्या बातम्या वाचलेल्यांना हे नव्याने सांगायला नको.

कायद्याच्या बाजूने आपण गरीब नाही. महाराष्ट्रात दारू पिण्याचं वय २५ आहे आणि बिअरचं २१. शिवाय पिण्याचा परवाना लागतो, हे तर पिणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. शेजारच्या गोव्यात १८. बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तरी १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी त्याला पबमध्ये दारू मिळाली होती, असं तपासात पुढे आलं. बालन्याय मंडळाने जामीन देताना त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा सगळं राज्य भडकलं. भडकणं बरोबरच होतं. पण व्यसनाचे दुष्परिणाम या विषयावर निबंध लिहून घेणं, घोषवाक्य स्पर्धा घेणं, शपथ देणं, याहून वेगळं आपण शाळेत तरी काय करतो?

उपदेशाने काय होतं याचा मोठा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस वर्गात यायचा, ड्रग्जची भीती सांगायचा, नकार कसा द्यायचा ते शिकवायचा, मुलं शपथ घ्यायची. तो देशभर पसरला, आणि नंतर वेगवेगळ्या अभ्यासकांनी तपासलं तेव्हा त्या कार्यक्रमातली मुलं आणि बाहेरची मुलं यांच्या नशा करण्यात सांगण्यासारखा फरक दिसला नाही. पोलिसाच्या जागी महाराज उभे केले म्हणून फरक पडेल, असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. ध्यानाबद्दलही थोडं सावध असावं. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ११ ते १४ वयाच्या आठ हजारांहून जास्त मुलांवर सजगता-ध्यानाचा मोठा प्रयोग झाला. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: नेहमीचं शिक्षण मिळालेल्या मुलांपेक्षा ध्यान शिकलेल्या मुलांचं मानसिक स्वास्थ्य अधिक चांगलं असल्याचं आढळलं नाही. बरीच मुलं घरी सराव करतच नव्हती. विपश्यनेच्या परंपरेतली आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याची साधना आपल्याकडच्या शाळांतही शिकवली गेली आहे. दहा मिनिटं शांत बसणं चांगलंच, पण त्या दहा मिनिटांकडून एमडी, म्हणजे मेफेड्रोनच्या पावडरशी लढण्याची अपेक्षा ठेवणं त्या साधनेवरच अन्याय आहे.

मग धर्म असला की पोरं सुरक्षित, हे तरी खरं का? आपल्या पंचांगात दीप अमावास्या आहे. दिवे घासून पुसून पुजायचे, असा तो सण. महाराष्ट्राने त्याची गटारी केली. श्रावण पाळायचा म्हणून आदल्या दिवशी इतकी पिऊन घ्यायची की महिनाभर आठवण राहावी. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलामागे काय चालतं, ठाणे-रायगडकडे हळदीच्या रात्री मांडवामागे काय चालतं, महाशिवरात्रीला भांगेचं काय होतं आणि जत्रेत साधूंच्या चिलमीभोवती कुणाचा घोळका असतो, हे पोरं आठव्या-नवव्या वर्षापासून बघत आलेली असतात. त्यांची पहिली दारू बहुधा पबमध्ये होत नाही. ती काकाच्या लग्नात होते, मंडळाच्या मांडवात होते, आणि ती भरून देणारा नात्यातलाच कुणी असतो.

२०२५ मध्ये तुळजापुरात एमडीची साखळी पोलिसांनी उघडी केली, तेव्हा आरोपींच्या यादीत देवीच्या काही पुजाऱ्यांचीही नावं आली. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण देवस्थानाच्या सावलीत नशा येत नाही, ही भाबडी समजूत तरी त्या दिवशी संपायला हवी होती. आणखी दूर बघायचं तर मिझोराम घ्या. तिथे चर्चचा शब्द सरकारी आदेशाइतका चालतो, गावोगावी तरुणांच्या संघटना चर्चच्या हातात हात घालून काम करतात, दारूबंदीही वर्षानुवर्षं होती. त्याच मिझोराममध्ये सुईने घेतल्या जाणाऱ्या हेरॉइनने तरुण पोरं नेली, आणि एचआयव्हीचं प्रमाण देशात सर्वांत जास्त तिथेच आहे. श्रद्धा कमी पडली असं म्हणून या गोष्टीची वासलात लावता येत नाही.

आता दुसरी बाजू, आणि तिच्याकडे मी जास्त वेळ देणार आहे, कारण ती खरोखर समृद्ध आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, १८७६ चा जन्म. परिटाचं घर. बाप दारूने गेला. पोर आईबरोबर मामाच्या घरी वाढलं, गुरं राखली, शेती केली. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचं जेवण घालायची वेळ आली तेव्हा या माणसाने गोडाचं जेवण घातलं आणि भावकीचा रोष पत्करला. १९०५ मध्ये त्याने घर सोडलं. त्याला आपण गाडगेबाबा म्हणतो. व्यसनमुक्तीच्या प्रत्येक भाषणात त्यांचं नाव येतं, पण त्यांची पद्धत कुणी नीट बघत नाही. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर रस्ते झाडायचे, गटारं साफ करायचे, आणि बघता बघता गावातली पोरं झाडू घेऊन मागे यायची. कीर्तन संध्याकाळी. त्या कीर्तनात एकट्याने बोलणं नव्हतं. बाबा प्रश्न विचारायचे, समोरचे शेकडो लोक उत्तर द्यायचे, बाबा त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढायचे. दारूवर, कर्जावर, बकऱ्याच्या बळीवर. ज्याने उत्तर दिलं तो साऱ्या गावासमोर त्या उत्तराला बांधला जायचा. नरकाची भीती त्यांनी फारशी घातली नाही. घरातलं भांडं गहाण पडतं ते दाखवलं. आणि मी कुणाचा गुरू नाही, माझा कुणी शिष्य नाही, हे ते सांगत राहिले. या माणसाची जयंती करताना आपण त्यांच्या पद्धतीतला खराटा फोटोपुरता ठेवला आणि प्रश्न विचारणं तर पार गाळून टाकलं.

वारकऱ्यांची माळ ही दुसरी गोष्ट. माळ घातली की मद्य-मांस वर्ज्य, एकादशी धरायची, वर्षातून पंढरीची वारी करायची. यात श्रद्धा आहेच. पण पंधरा-सोळाच्या पोराच्या नजरेने बघा. त्याची खरी अडचण दारू वाईट आहे हे न कळण्याची नसते, ते त्याला कळतं. अडचण असते ती चार मित्र बसलेले असताना 'नको' म्हणण्याची. 'नको' म्हटलं की का, असं विचारतात. घाबरट म्हणतात, आईचा पोर म्हणतात. त्या क्षणी त्याला असं एक कारण लागतं, जे मित्रांनाही मान्य होईल आणि ज्यावर पुढे वाद घालावा लागणार नाही. गळ्यातली तुळशीची माळ हे तसं कारण आहे. माळकऱ्याला कुणी दुसऱ्यांदा आग्रह करत नाही. तालमीतल्या पैलवानाचंही तसंच. आखाड्यात उतरायचंय म्हटलं की विषय संपतो. श्रावणात अट्टल पिणारेही महिनाभर ग्लासाला हात लावत नाहीत, तेव्हा त्यांचा निग्रह एकाएकी वाढलेला नसतो. आसपासच्या सगळ्यांनीच पाळलेलं असतं, म्हणून नकाराचं कारण द्यावं लागत नाही. रमजानमध्ये आणि जैनांच्या चातुर्मासात हेच घडतं. धर्माने पोराला दिलेली सगळ्यात उपयोगी वस्तू माझ्या मते हीच: नकार देण्याची आब राखणारी सोय. (अर्थात माळेच्या यादीतही भोक आहेच. माळकऱ्याच्या कमरेला तंबाखूची चंची आपण सगळ्यांनी बघितली आहे, आणि घरात पहाटे मिसरी लावणारी आजीही.)

तिसरं उदाहरण बाबासाहेबांचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातलं पाचवं शील तर मादक पदार्थांबद्दलच आहे. त्यामागची भूमिका मला किशोरांशी बोलायला फार योग्य वाटते. पिणारा पापी ठरतो म्हणून पिऊ नये, असं ती म्हणत नाही. नशेत माणसाचं अवधान सुटतं आणि अवधान सुटलेल्या माणसाला कुणीही वापरून घेतं, असा तिचा रोख आहे. शिवाय ती प्रतिज्ञा एकट्याने खोलीत घेतलेली नव्हती; एका समाजाने उभं राहून, आपण आता वेगळं जगणार म्हणून घेतली. त्यात स्वाभिमान होता. पोरांना स्वाभिमान कळतो, पाप कळत नाही.

रायगड-ठाण्याच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी वस्त्यांत नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ पासून श्री समर्थ बैठकीचं जे जाळं विणलं, त्यातून कितीतरी घरांतली दारू गेली. पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्यायाने किनाऱ्यावरच्या मच्छीमारांत तसंच काम केलं. दोन्हींच्या भोवती भक्तांची जी गर्दी आणि जी अंधभक्ती वाढली तिच्याबद्दल माझे आक्षेप आहेत, ते इथे बाजूला ठेवतो. पण ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या लोकांबरोबर बसणं, न आल्यास कुणीतरी घरी येऊन विचारणं, आणि बाप बदलला म्हणून पोरानेही मागोमाग जाणं, हा त्या यशाचा गाभा आहे. बाप बदलला, हा शब्दप्रयोग मी मुद्दाम करतो आहे. पोराला बालसंस्कार वर्गाला सोडून स्वतः 'बसायला' जाणारे बाप माझ्या ओळखीत कमी नाहीत.

आता याच्या शेजारी आइसलँड ठेवून बघा. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. यात अध्यात्म कुठेही नव्हतं. त्यांनी मुलांसाठी खेळ आणि संगीताचे वर्ग काढले, गरीब घरांना त्यासाठी पैसे दिले, आईबापांना पोरांबरोबर जास्त वेळ घालवायला लावला, रात्री ठरावीक वेळेनंतर मुलांनी एकटं बाहेर राहायचं नाही असा नियम केला आणि पालकांच्या गटांनी स्वतः गल्लीत फिरून तो पाळला. विक्रीचे नियम आवळले. म्हणजे आपल्या गावातली जुनी संध्याकाळच त्यांनी सरकारी खर्चाने उभी केली. आपल्याकडे दिवेलागणीला पोरं घरात असायची, परवचा व्हायचा, मग देवळात हरिपाठ, नाहीतर तालीम. त्या संध्याकाळीत देव होता म्हणून ती राखण होती, की संध्याकाळी पोर कुठे आहे हे गावाला माहीत होतं म्हणून? नियमित चर्चला जाणारी मुलं कमी पितात, असं अमेरिकेतल्या संशोधनात वारंवार दिसलं आहे. पण दर रविवारी पोराला चर्चला नेणारे आईबाप शनिवारी रात्री तो कुठे होता हेही विचारत असतात. या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवणं अवघड आहे, आणि मला वाटतं, सोडवायची फार गरजही नाही. जुनी संध्याकाळ सोन्याची होती असंही मी म्हणत नाही. तिच्यात मुलींना देवळाच्या ओट्यावर जागा नव्हती, काही जातींच्या पोरांना पायरीच्या आत जागा नव्हती, आणि हातभट्टी गावाबाहेर चालूच होती.

प्रश्न घाईचा यासाठी आहे की वय आडवं येतं. सारासार विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, आणि चटकन सुख मागणारा भाग त्याच्या बराच आधी जोरात असतो. पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू करणाऱ्याला पुढे तिची लत लागण्याची शक्यता एकविशीत सुरू करणाऱ्याच्या सुमारे चौपट असते, असं अमेरिकेतल्या पाहणीत १९९७ मध्येच दिसलं. त्यामुळे या वयात काम टाळण्याचं आहे. सोडवण्याचं काम वेगळं, आणि तिथे अध्यात्माचं स्थानही वेगळं.

सोडवण्याबद्दल बोलायचं तर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी दोन दारुडे भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना सावरण्याची संघटना उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण ज्याला जसा समजेल तसा. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. तिथे औषध, समुपदेशन, गटात बोलणं, काम, प्रार्थना, सगळं एकत्र नांदतं. आणि साताऱ्यात परिवर्तन हे व्यसनमुक्तीचं काम उभं केलं ते अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी. देव मानणारे आणि न मानणारे दोघेही शेवटी एकाच खोलीत पोचले: गोलात मांडलेल्या खुर्च्या आणि आपली लाज उघड्यावर सांगणारा माणूस. २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास एकत्र तपासले, आणि सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांची पद्धत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा उजवी ठरली. पण हे मुख्यतः मोठ्यांबद्दल आहे. नोकरी गेली, बायको माहेरी गेली, तेव्हा माणूस हात टेकतो. सोळा वर्षांच्या पोराचं अजून काही गेलेलंच नसतं. त्याला हात टेकायला सांगितलं तर ते हसेल.

आणि उपचाराच्या जागी अध्यात्म आलं की ते नुकसान करतं, हे स्पष्ट सांगायला हवं. पोर काहीतरी घेतं हे कळल्यावर बरीच घरं आधी कुलदैवताला जातात, मग कुणा बाबाकडे, अंगारा आणतात, देवाची शपथ घालतात. शपथ मोडली की पोरावर दोन ओझी: नशा आणि पाप. मग ते लपवायला शिकतं आणि लपवलेलं वाढतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. सोल्युशन हुंगताना हृदय बंद पडून पहिल्याच वेळी मृत्यू झाल्याच्या घटना वैद्यकशास्त्रात नोंदलेल्या आहेत. 'न सांगता दारू सोडवा' अशा भिंतीवरच्या जाहिराती तर उघड धोका आहेत. दारूची प्रतिक्रिया आणणारं औषध जेवणात गुपचूप मिसळलं आणि वर तो माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं, म्हणूनच डॉक्टर ते सांगून-सवरून देतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, फोन फुकट आहे. देवळाच्या दानपेटीवर हा क्रमांक रंगवायला कुणाच्या भावना दुखावू नयेत.

करायचं काय, तर माझी मागणी छोटी आहे. महाराष्ट्रात असं गाव विरळा, जिथे आमदार किंवा खासदार निधीतून बांधलेला सभामंडप नाही. वर्षातले सात दिवस तिथे हरिनाम सप्ताह असतो, चार लग्नं, एखादी सभा. बाकी दिवस शटरला कुलूप. हे सभामंडप रोज संध्याकाळी सहा ते नऊ उघडे ठेवा. पखवाज शिकवा, पेटी शिकवा, कुस्तीची मॅट टाका, कॅरम ठेवा, दहावीच्या पोरांना अभ्यासाला दिवा द्या. ज्याला हरिपाठ म्हणायचा त्याने म्हणावा, ज्याला नाही त्याने नुसतं बसावं. मुलींची वेळ मुलींनी ठरवावी आणि त्यांना घरी पोचवायची सोय गावाने करावी. शहरात ढोल-ताशा पथकं हेच काम अर्धंमुर्धं करतात. मुलं-मुली दोन महिने रोज संध्याकाळी सरावाला जमतात, आणि शिस्तीच्या पथकात पिऊन आलेल्याच्या गळ्यात ढोल पडत नाही. आवाजाबद्दल तक्रार आहे माझी, पण ती वेगळी. गणेशोत्सव मंडळं दहा दिवसांऐवजी वर्षभर तशी चालली तर वर्गणी मी दुप्पट देईन.

पैसे नाहीत, हे कारण चालणार नाही. एका नामांकित कीर्तनकाराच्या बिदागीत पखवाजाच्या शिक्षकाचं कित्येक महिन्यांचं मानधन निघतं. माणसं नाहीत, हेही नाही. निवृत्त शिक्षक, माजी सैनिक, एसटीतून निवृत्त झालेले वाहक पारावर बसूनच असतात. बाईमाणसांनी तर आपला वाटा कधीच उचलला आहे. उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानाला रांगा त्यांनीच लावल्या, गडचिरोलीची दारूबंदी १९९३ मध्ये लोकांच्या रेट्याने आली तेव्हाही त्या पुढे होत्या. दुकान बंद करणं त्यांनी केलं. दुकान बंद झाल्यावर संध्याकाळ कशाने भरायची, ते पुरुषांचं काम होतं, आणि ते राहिलं.

यात खरा पेच एकच दिसतो. सभामंडप उघडला तरी आत येतील ती आधीच बऱ्या घरांतली पोरं, ज्यांची आई वाट बघत असते ती. बसस्टँडच्या मागे रुमाल नाकाशी धरून बसलेला पोरगा आपण होऊन येणार नाही, आणि आला तर विश्वस्तांपैकी कुणीतरी त्याच्या कपड्यांकडे बघेल. त्याला बोलवायला कोण जाणार, तो पहिल्या दिवशी पखवाज फोडून गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कोण जाणार, हे सप्ताहाच्या बैठकीत नावानिशी ठरवा, मग कीर्तनकाराची तारीख घ्या.